उजनीची टक्केवारी आणि यात्रेची गर्दी: फुगलेला आकडा कसा तपासावा

पावसाळा सुरू झाला की सोलापुरात घरोघरी उजनी धरणातल्या पाणीसाठ्याच्या टक्केवारीची चौकशी होते. ती वाचताना टक्के नेमके कशाचे आहेत, हे आधी पाहावे. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातील 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न येणारे तळचे पाणी, आणि त्यावरचा 53.57 टीएमसी उपयुक्त साठा आहे; बातमीतील टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे ‘शून्य टक्के’ म्हणजे कोरडे धरण नव्हे, आणि मृतसाठ्यातले पाणी वापरले जाऊन साठा ‘उणे 50 टक्के’ झाला तरी कागदोपत्री सुमारे 37 टीएमसी पाणी शिल्लक असते. कागदोपत्री म्हणायचे ते एवढ्यासाठी, की तळाशी साचलेल्या गाळाने प्रत्यक्ष पाण्याची जागा बरीच व्यापली आहे. म्हणजे ‘धरण आटले’ म्हणणारा अतिशयोक्ती करतो आणि मृतसाठ्याच्या आकड्यावर निर्धास्त राहणाराही.

वाढीचा आकडा याहून फसवा असतो. साठा 2 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर गेला, तर ‘पाणी दुप्पट झाले’ हे वाक्य हिशेबाने खोटे ठरत नाही. परंतु प्रत्यक्ष भर जेमतेम 1 टीएमसीची असते आणि मृतसाठा धरून एकूण पाणी 2 टक्क्यांनीसुद्धा वाढलेले नसते. म्हणून ‘दुप्पट’, ‘तिप्पट’ असे शब्द दिसताच मूळ आकडा आणि नवा आकडा दोन्ही टीएमसीमध्ये शेजारी लिहून पाहावेत. ज्या बातमीत मूळ आकडाच दिलेला नाही, तिच्यावर पाणी साठवण्याचा किंवा पिकाचा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माणसांच्या तोंडचे आकडे बहुधा खोटेपणाने नव्हे, तर अनुभवाच्या भराने फुगतात. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत रेटारेटीत सापडलेल्याला समोरचा समुदाय लाखाचाच वाटतो, आणि पुढे सांगणारा प्रत्येक जण त्यात थोडी भर घालतो. तेथे क्षेत्रफळाचा हिशेब करावा. 200 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद रस्त्याचे क्षेत्रफळ 4,000 चौरस मीटर होते. दर चौरस मीटरमध्ये 4 माणसे, म्हणजे चांगलीच दाटी, धरली तरी तेथे एका वेळी 16,000 माणसे मावतात. लाख माणसे मावायची तर एका चौरस मीटरमध्ये 25 जण उभे राहावे लागतील. मात्र सांगणारा एका क्षणाची गर्दी सांगतो आहे की दिवसभरात येऊन गेलेल्यांची, हे त्याला आधी विचारावे; कारण दिवसभराची संख्या या हिशेबाहून कितीतरी मोठी असू शकते.