डोळ्यांच्या आखणीला हात कच खातो तेव्हा

गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, माती मळताना, सोंड बसवताना, अंगाचा रंग देताना सहसा कुणी अडत नाही. हात थबकतो तो डोळ्यांच्या आखणीला. चार-पाच हंगाम काढलेली मुलंही ब्रश उचलतात आणि "आबा, तुमीच काढा" म्हणून खाली ठेवतात. शाडूतली चूक माती लावून झाकता येते. नजर चुकली की चेहराच बदलतो, आणि ती मूर्ती कुणाच्या तरी घरून आलेल्या पाटावर बसायची असते. ही धास्ती खरी आहे, तिला कमी लेखू नका. पण "तुका जमतला रे" म्हटल्याने ती जात नाही. "मला जमत नाही" याला उत्तर नसतं. "डावं बुबुळ वर गेलंय का?" याला असतं. म्हणून मनातली शंका अशा मोजता येणाऱ्या प्रश्नांवर आणायची.

सर्वात आधी ओल तपासा. कोकणातल्या श्रावणात शाडू वरून सुकलेला दिसतो, आत ओला असतो. त्यावर रेघ ओढली की ती फुटते, कडा पसरतात, आणि नवशिका दोष स्वतःच्या हाताला देतो. मूर्तीच्या पाठीला हाताची मागची बाजू लावा. गार लागली तर अजून ओल आहे. घाईने पंखा किंवा शेगडी जवळ आणू नका. वरचा थर आधी आकसतो आणि तडा जातो.

सराव कागदावर करून भागत नाही, कारण गालाला आणि कपाळाला उतार असतो. साच्यातून नुसती तोंडं काढा, आठ-दहा पुरेत. सावलीत सुकवून पांढऱ्या रंगाचा हात द्या आणि रोज दहा जोड्या आखा. भरली की पुन्हा पांढरा हात द्यायचा. नागपंचमीपासून चतुर्थीपर्यंत साधारण महिना मिळतो. पहिले पंधरा दिवस असे घालवले तर शेवटच्या गर्दीत हात तयार असतो.

आखताना एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे जाऊ नका. जोडी बिघडण्याचं हेच मोठं कारण. कपाळाच्या मध्यापासून सोंडेच्या मुळापर्यंत पेन्सिलीची फिकट रेघ घ्या, दोऱ्याने दोन्ही बाजूंचं अंतर मोजून बुबुळांचे ठिपके द्या. मग दोन्ही वरच्या पापण्या, दोन्ही खालच्या, दोन्ही बुबुळं, शेवटी भुवया. करंगळी गालावर टेकवा, श्वास सोडताना रेघ ओढा. रंग दुधापेक्षा किंचित दाट हवा. फार दाट झाला तर रेघ मध्येच तुटते. एकाच बाजूने बल्ब असला तर सोंडेची सावली एका डोळ्यावर पडते आणि तो खाली वाटतो, म्हणून दिवसाउजेडी बसा.

रेघ ओढत असताना पारख करायची नाही. हात आणि परीक्षक एकाच वेळी कामाला लागले की हात थरथरतो. जोडी झाली की ब्रश खाली ठेवून मूर्ती आरशात बघा. उलट्या प्रतिमेत तिरकेपणा लगेच कळतो. चूक दिसली तर ओल्या रंगावर बोट फिरवू नका. जलरंग असेल तर खालचा पांढराही विरघळून राखाडी डाग उरतो. सुकू द्या, हलक्या हाताने खरवडा, पांढऱ्याचे दोन पातळ हात द्या, पुन्हा आखा. ही दुरुस्ती सरावाच्या तोंडावर दोन-तीनदा मुद्दाम करून ठेवाच. चूक निस्तरता येते हे हाताला ठाऊक झालं की अर्धी भीती तिथेच ओसरते.

जाणत्याला दाखवताना "बरो झालो काय?" विचारलंत तर "बरो आसा" एवढंच ऐकाल. "उजवो डोळो खाली गेलो काय?" असं विचारा. फोनवरच्या पेणच्या किंवा मुंबईच्या मूर्तींशी तुलना हंगामात नको. तो अभ्यास चतुर्थी झाल्यावर वही घेऊन करा. आत्ता शेजारी ठेवायचा तो तुमच्याच गेल्या वर्षीच्या मूर्तीचा, समोरून काढलेला फोटो.

खऱ्या मूर्तींत पहिली लहान घ्या, तीही सरावाची दोन तोंडं आखून झाल्यावर. मोठ्या मूर्ती हात रुळल्यानंतर, सकाळच्या उजेडात.