किराण्याचं बिल उतरत नसेल तर या चुका टाळा

यादी करायला बसण्याआधी डबे उघडून बघा. एवढं राहून गेलं की घरात २ किलो चणाडाळ असताना आणखी येते आणि मागच्या डब्यातलं बेसन खवट होऊन टाकावं लागतं. माझ्या घरी तरी महाग घेतल्यापेक्षा घेतलेलं न खाल्ल्याने जास्त पैसा गेला.

आठवड्याचा बेत मोडतो तो वार ठरवल्यामुळे. सोमवारी अमुक, बुधवारी तमुक असं लिहून ठेवतो, मध्येच पाहुणे येतात आणि मेथीची जुडी पिवळी पडते. भाज्या वारांना बांधू नका, टिकण्याच्या क्रमाने संपवा. रविवारी बाजार केला तर पहिले दोन दिवस मेथी, पालक, अंबाडी. मग भेंडी, गवार, वांगी. कोबी, दुधी, लाल भोपळा शेवटी. शनिवारी टोपली रिकामी, म्हणून मटकीची उसळ; त्यासाठी गुरुवारी रात्री भिजत घालायची आणि शुक्रवारी सकाळी फडक्यात बांधायची. मोड आल्यावर वाटीभर मटकी दुपटीहून जास्त होते, त्या बेताने घ्या. कोथिंबीर काळी पडत असेल तर ती ओली ठेवली जातेय. मुळं कापून, कोरडी, कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत.

उन्हाळ्यात वर्षाचं सामान भरणं स्वस्त पडतं, पण खाणारी तोंडं मोजून. घरात तिघं, त्यातले दोघं दुपारी बाहेर जेवणारे, आणि गहू आजीच्या वेळच्या हिशोबाने! पावसाळ्यात हवा दमट होते, डबा रोज उघडतो आणि पोरकिडे होतात. तूरडाळीला एरंडेल चोळून ठेवा. कीड लागलीच तर डाळ चाळून कडक उन्हात पसरा, पण पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरली तर डब्यात वाफ धरते. तांदूळ सावलीतच वाळवा, उन्हात त्याचे तुकडे पडतात. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात अजिबात घालू नका, पारा विषारी असतो.

तेल घेताना पिशवीचा आकार बघू नका. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, आणि शेजारच्या तशाच दिसणाऱ्या पिशवीत ८०० ग्रॅमही असू शकतं. वजन वाचा. एमआरपीजवळ बारीक अक्षरात दर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव छापलेला असतो, तुलना त्याचीच करा.

रोज चार-पाच पोळ्या उरत असतील तर कणीकच कमी भिजवा. फोडणीची पोळी कितीही आवडली तरी ती रोज कोणी खात नाही. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. जेवणं झाली की लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी फोडणी द्या. आणि दोडका सोलताना शिरा टाकू नका. तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लसूण घातलं की दोन दिवसांची चटणी होते.