किनाऱ्यावरील घराभोवती मूळची झाडी परत आणताना

कोल्हापुरातून गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरून देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडे घर बांधणारे आपले लोक बागेसाठी पहिल्यांदा काळ्या मातीचा ट्रक खाली पाठवतात. हा मोह टाळावा. वाळूतून पाणी चटकन झिरपते, तिच्यात अन्नांश कमी असतो आणि वारा खारा असतो. किनाऱ्याच्या मूळ वनस्पती नेमक्या याच परिस्थितीला सरावलेल्या आहेत. काळी माती ओल धरून ठेवते आणि सोबत गाजरगवताचे बी आणते.

आराखड्यापूर्वी भरतीरेषा कुठे येते ते किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशावर पाहावे. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात दाट वस्ती असल्यास ५० मीटर, अन्यथा २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते.

खरे काम समुद्राकडच्या वाळूच्या उंचवट्यावर आहे. समुद्र दिसावा म्हणून तो सपाट करू नये, कारण उधाणाचा पहिला मार तोच झेलतो. मृगाच्या सरी स्थिरावल्या की मर्यादवेलीचे पेरांसहित तुकडे वाळूत आडवे पुरावेत. प्रत्येक पेराला मुळे फुटतात आणि वेल पसरत जाऊन वाळू धरून ठेवते. तिच्या जोडीला रावणाच्या मिशा हे गवत येऊ द्यावे, मात्र त्याची पाती सुईसारखी टोचत असल्याने ते वाटेपासून दूर ठेवावे. समुद्राकडे जायला एकच अरुंद पायवाट पुरते, आणि ती थोडी वळणाची असावी, म्हणजे वाऱ्याला सरळ बोळ मिळत नाही.

या पट्ट्यामागे केवडा व निर्गुडी, आणि त्यांच्या आडोशाला उंडी, करंज, भेंड लावावेत. उंडी सावकाश वाढते, पण खारा वारा सोसण्यात तिचा हात धरणारे झाड क्वचितच सापडेल. तिच्या बियांचे कठीण कवच हलकेच फोडून पेरल्यास त्या लवकर रुजतात.

सुरू हे झाड इथले नाही. त्याच्या पानगळीच्या जाड थराखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. तरीही असलेली झाडे एकदम तोडू नयेत: वाऱ्याचा आडोसा जातो, शिवाय उंच सुरूंवर समुद्री गरुडाचे घरटे असू शकते. वनखात्याच्या लागवडीला तर हातच लावू नये. स्वतःच्या हद्दीतील झाडेही, आवश्यक परवानगी घेऊन, उंडी खांद्याएवढी झाल्यावर टप्प्याटप्प्याने काढावीत.

जागा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळमाळावर, असेल तर यातले बहुतेक गैरलागू ठरते; तिथे खड्डे फोडून झाडे लावण्यापेक्षा पावसाळी गवते आणि रानफुले राखणे योग्य.

अंगणातील दिवे जमिनीकडे झुकलेले आणि समुद्राच्या बाजूने झाकलेले असावेत. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा व पिले बाहेर पडण्याचा काळ असतो आणि पिले उजेडाकडे वळतात, म्हणून त्या महिन्यांत समुद्राकडचे दिवे रात्री बंदच ठेवावेत.