काउंटी संघाचा वनडे सामना मनापासून कसा फॉलो करावा

ऑगस्टमध्ये आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजले की इंग्लंड-वेल्समधल्या अनेक मैदानांवर साधारण एकाच वेळी पहिला चेंडू पडतो. तिथे तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात. पन्नास-पन्नास षटकं, दिवसभराचा खेळ, शेवटचा चेंडू टाकला जाईपर्यंत आपल्याकडे रात्रीचे अकरा. ज्याला मराठी माणूस 'खरी वनडे' म्हणतो ती आजही नेमाने खेळली जाणारी ही जागा आहे, आणि घरबसल्या ती पाहणं आता अगदी सोपं झालंय. फक्त कुठून सुरुवात करायची ते माहीत हवं.

आधी स्पर्धा समजून घ्या

काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रदेश, आणि प्रथम दर्जाचे काउंटी संघ अठरा. काउंट्यांमधली मर्यादित षटकांची पहिली मोठी स्पर्धा १९६३ साली जिलेट कप या नावाने सुरू झाली. तेव्हा डाव पासष्ट षटकांचा असे, आणि पहिला चषक ससेक्सने नेला. आंतरराष्ट्रीय वनडेचा जन्म १९७१चा, म्हणजे काउंट्या हा खेळ त्याआधी आठ वर्षं खेळत होत्या. नावं आणि षटकं बदलत गेली. २०२३पासून ही स्पर्धा मेट्रो बँक वनडे कप म्हणून ओळखली जाते.

२०२१पासूनची रचना अशी: नऊ-नऊ संघांचे दोन गट, प्रत्येक संघाचे आठ साखळी सामने. गटात पहिला येणारा थेट उपांत्य फेरीत. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे संघ उपांत्यपूर्व फेरी खेळून पुढे येतात. म्हणून पहिला नंबर आणि दुसरा नंबर यात मोठा फरक आहे, आणि शेवटच्या दोन सामन्यांत सगळे नेट रनरेटची आकडेमोड करत बसलेले असतात.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. ही स्पर्धा 'द हंड्रेड'च्या, म्हणजे इंग्लंडमधल्या शंभर-शंभर चेंडूंच्या स्पर्धेच्या, काळातच खेळवली जाते. त्यामुळे काउंटीचे नावाजलेले खेळाडू महिनाभर तिकडे जातात. जो रूट किंवा हॅरी ब्रूक पाहायला मिळतील म्हणून यॉर्कशायरचा सामना लावलात तर हिरमोड होईल. इथे दिसतात ते दुसऱ्या फळीचे, अकादमीतून नुकतेच आलेले, दुसऱ्या काउंटीकडून उसने घेतलेले, आणि दोन परदेशी पाहुणे. माझ्या मते याच कारणासाठी ही स्पर्धा पाहायला हवी. एकोणीस वर्षांच्या पोराला नव्या चेंडूने पहिला स्पेल टाकताना पाहणं आणि दोन वर्षांनी त्याला देशाच्या टोपीत पाहणं, यातला आनंद आयत्या नामवंतांना पाहण्यात नाही.

एकच संघ निवडा

अठराही संघांचा स्कोअर चाळत बसलात तर एकाचाही लळा लागणार नाही. एक संघ धरा आणि हंगामभर सोडू नका. निवडायचा कसा, याला काही नियम नाही. आपल्याकडच्या ओळखीचा धागा पकडणं सगळ्यात सोपं. मुंबईचे फारुख इंजिनियर लँकशायरचे यष्टिरक्षक होते आणि त्या संघाने १९७० ते १९७२ सलग तीन वर्षं जिलेट कप जिंकला. सुनील गावसकर १९८० साली सॉमरसेटकडून खेळले, रवी शास्त्री पुढे ग्लॅमॉर्गनकडून. १९९२ साली यॉर्कशायरने आपला पहिला परदेशी खेळाडू घेतला तो एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. अलीकडचं बोलायचं तर ऑगस्ट २०२३मध्ये पृथ्वी शॉने नॉर्थॅम्प्टनशायरकडून सॉमरसेटविरुद्ध १५३ चेंडूंत २४४ धावा कुटल्या, आणि २०२४च्या वनडे कपमध्ये अजिंक्य रहाणे लेस्टरशायरकडून खेळला. तो संघ त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

मी लेस्टरशायरचा. छोटी काउंटी, पैसा कमी, मैदान ग्रेस रोड, चिन्ह पळणारा कोल्हा. पुढची उदाहरणं म्हणूनच बरीचशी तिथली आहेत. तुम्ही तुमचा संघ घ्या.

सामन्याच्या आदल्या दिवशी

क्लबच्या संकेतस्थळावर बहुधा आदल्या दिवशी संघ जाहीर होतो. त्यातली चार-पाच नावं अनोळखी असतील. प्रत्येकाबद्दल एवढंच शोधा: वय किती, डावखुरा की उजवा, फलंदाज की गोलंदाज, आणि याआधी किती वनडे खेळलाय. पाच-दहा मिनिटांचं काम. पण दुसऱ्या दिवशी तो मैदानात आला की तो 'कोणीतरी' राहत नाही.

मग गोलंदाज मोजा. एकाला जास्तीत जास्त दहा षटकं, म्हणजे पन्नास भरायला किमान पाच जण लागतात. चार पक्के गोलंदाज प्रत्येक संघाकडे असतात, प्रश्न पाचव्याचा. ती दहा षटकं कर्णधार कोणाकडून आणि केव्हा काढून घेणार, याचा अंदाज आदल्या दिवशीच बांधून ठेवा. अर्धा सामना तिथेच ठरतो.

पाहायचं कुठे

बहुतेक काउंटी क्लब आपल्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण यूट्यूब चॅनेलवर किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर करतात. चॅनेल सबस्क्राइब करून घंटीचं बटण दाबून ठेवा. त्याच्या जोडीला बहुधा बीबीसीच्या स्थानिक रेडिओचं समालोचन असतं, आणि ते समालोचक वर्षानुवर्षं त्याच एका काउंटीचे सामने सांगत आलेले असतात. कुठल्या खेळाडूचे वडील इथेच खेळायचे, कोणाचा गुडघा मागच्या हंगामात दुखत होता, सगळं त्यांना ठाऊक. मी कामात असेन तर चित्र बंद ठेवून नुसता आवाज ऐकतो, आणि काही हुकलं असं वाटत नाही.

नाणेफेक अर्धा तास आधी, म्हणजे आपल्या तीन वाजता. ती चुकवू नका. अकरा वाजता खेळपट्टीत ओल असते, आभाळ भरलेलं असेल तर चेंडू हलतो, त्यामुळे बरेच कर्णधार आधी गोलंदाजी घेतात. कोणी ढगाळ सकाळी फलंदाजी घेतलीच, तर त्यामागे काहीतरी हिशेब आहे असं समजा आणि तो शोधा.

हाताने स्कोअर लिहा

लेखातला माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हाच. एक शंभर पानी वही घ्या, आणि एका डावापुरता तरी स्कोअर हाताने लिहा. ॲपवर आकडे येतात आणि जातात. लिहिलेलं मात्र लक्षात राहतं, कारण प्रत्येक चेंडूला तुम्हाला ठरवावं लागतं की नेमकं काय झालं.

डाव्या पानावर फलंदाज, उजव्या पानावर गोलंदाज. फलंदाजासमोर त्याची प्रत्येक धाव क्रमाने लिहायची: १ ४ १ १ २. गोलंदाजासमोर प्रत्येक षटकाचा एक चौकोन. त्यात सहा चेंडू, वर तीन, खाली तीन. धाव नाही तर टिंब, बळी मिळाला तर इंग्रजी डब्ल्यू, वाइड अधिकच्या चिन्हाने, नो-बॉल गोलाने. बायला टोक वर असलेला त्रिकोण, लेगबायला टोक खाली. सहाही टिंबं पडली की ती रेघांनी जोडून त्यांचा एम करायचा, ते निर्धाव षटक.

षटक संपलं की शेजारी एकूण धावसंख्या आणि बळी लिहा. दोन्ही पानांची बेरीज जुळली पाहिजे: फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर बरोबर एकूण. सुरुवातीला जुळत नाही. बहुतेक वेळा एखादा लेगबाय फलंदाजाच्या नावावर गेलेला असतो.

दहाव्या षटकानंतर वहीकडे एक नजर टाका. पहिल्या दहा षटकांत वर्तुळाबाहेर फक्त दोन क्षेत्ररक्षक असतात, अकराव्यापासून चाळिसाव्यापर्यंत चार, शेवटच्या दहात पाच. लोक म्हणतात मधली तीस षटकं कंटाळवाणी. लिहिणाऱ्याला ती कधीच कंटाळवाणी वाटत नाहीत. तुमच्या चौकोनांत एका फिरकीपटूपुढे टिंबं वाढत चालली की ती डोळ्यांना दिसतात: दोन षटकांत सात टिंबं, मग आठ. फलंदाज आता काहीतरी करणार हे तुम्हाला एक षटक आधी कळतं. तो पुढे सरसावतो, लाँगऑनला झेल उडतो, आणि तुम्ही डब्ल्यू लिहिता. हे टीव्हीवरच्या कुठल्याही आलेखाने मला कधी दिलं नाही.

एक डाव लिहून पाहायचा असेल तर २०२३ची अंतिम लढत निवडा. ट्रेंट ब्रिजवर हॅम्पशायरविरुद्ध लेस्टरशायरची अवस्था ६ बाद ८९. यष्टिरक्षक हॅरी स्विंडेल्स आणि सॅम इव्हान्स यांनी सातव्या जोडीसाठी १५१ धावा जोडल्या. स्विंडेल्स नाबाद ११७, त्याचं वनडेतलं पहिलं शतक, आणि तेही अंतिम सामन्यात. लेस्टरशायर ७ बाद २६७. शेवटच्या षटकात हॅम्पशायरला आठ धावा हव्या होत्या आणि चेंडू होता जॉश हल नावाच्या एकोणीस वर्षांच्या, साडेसहा फुटांहून उंच डावखुऱ्या पोराच्या हातात. हॅम्पशायर ८ बाद २६५. दोन धावांनी सामना, आणि क्लबला १९८५नंतर पहिल्यांदा वनडेचा चषक. जवळपास वर्षभराने, सप्टेंबर २०२४मध्ये, हल ओव्हलवर श्रीलंकेविरुद्ध इंग्लंडकडून कसोटी खेळला. वर मी दुसऱ्या फळीबद्दल जे म्हटलं ते यासाठीच.

रनरेट आणि पाऊस

नेट रनरेट भीतिदायक वाटतो, पण हिशेब सरळ आहे. आपण षटकामागे केलेल्या धावांतून आपल्याविरुद्ध झालेल्या षटकामागच्या धावा वजा करायच्या. समजा आपल्या ५० षटकांत २८०, म्हणजे ५.६. समोरचे ३८ षटकांत २०० वर सर्वबाद. इथे सगळे चुकतात: सर्वबाद झालेल्या संघाची षटकं ३८ नव्हे, पूर्ण ५० धरायची. म्हणजे ४. फरक अधिक १.६. संपूर्ण साखळीचा आकडा काढताना सगळ्या सामन्यांच्या धावा आणि षटकं एकत्र करून भागाकार करायचा, दर सामन्याच्या फरकाची सरासरी काढायची नाही.

पाऊस येणारच, इंग्लंड आहे ते. दुसऱ्या डावात ढग दिसू लागले की डकवर्थ-लुईस-स्टर्नचा, म्हणजे पावसाने व्यत्यय आला की निकाल ठरवणाऱ्या पद्धतीचा, 'पार स्कोअर' पाहत राहा. त्या क्षणी खेळ थांबला तर बरोबरीसाठी किती धावा लागल्या असत्या, तो हा आकडा. प्रत्येक विकेटला तो उडी मारतो. २०२४चा अंतिम सामना पावसामुळे राखीव दिवसावर गेला आणि वीस-वीस षटकांचा झाला. ग्लॅमॉर्गनने सॉमरसेटला हरवलं.

मैदानावर जायचं असेल तर

लंडन, बर्मिंगहॅम, लेस्टरकडे आपले बरेच लोक नोकरी-शिक्षणासाठी आहेत, आणि त्यातल्या अनेकांनी काउंटीचं मैदान कधी पाहिलेलं नसतं. लॉर्ड्सचं तिकीट मिळत नाही म्हणून हळहळतात. वनडे कपच्या साखळी सामन्याचं तिकीट कसोटीच्या मानाने फारच स्वस्त, आणि सहसा सहज मिळतं. लंडनच्या सेंट पँक्रासहून लेस्टर रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास. संध्याकाळी जेवायला बेलग्रेव्ह रोड आहेच, गुजराती खाणावळींची अख्खी रांग.

स्वेटर न्या, ऑगस्ट असला तरी. डबा न्यायला काउंटी मैदानांवर सहसा हरकत नसते, बाटल्यांचे नियम मात्र क्लबच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. दारात छापील स्कोअरकार्ड मिळत असेल तर घ्या आणि पेन जवळ ठेवा. षटक चालू असताना साइटस्क्रीनच्या, म्हणजे गोलंदाजामागच्या मोठ्या पडद्याच्या, बाजूने ये-जा करायची नाही, षटक संपेपर्यंत जिन्यावर थांबायचं. याबाबत तिथले जुने प्रेक्षक फार कडक असतात, आणि बरोबरच आहे. अनेक मैदानांवर दोन डावांच्या मधल्या वेळेत आउटफिल्डवर फिरू देतात. जरूर जा. खेळपट्टीच्या दोराजवळ उभं राहून पाहिलं की सीमारेषा किती दूर आहे ते कळतं.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांशी बोला. तो मुलगा कुठल्या शाळेतला, एवढं विचारलं तरी गप्पा सुरू होतात.

मैदानं निवडायचीच असतील तर वूस्टरचं न्यू रोड पाहा, मागे कॅथीड्रल आणि बाजूला सेव्हर्न नदी, हिवाळ्यात मैदानात पाणी शिरतं ती. कँटरबरीला सीमारेषेच्या आत लिंडेनचं (इंग्रजीत 'लाइम ट्री', पण लिंबाचं नव्हे) एक जुनं झाड होतं आणि चेंडू झाडाला लागला की चौकार. २००५च्या जानेवारीत वादळाने ते पडलं, मग नवं लावलं.

ऑगस्टनंतर

अंतिम सामना सप्टेंबरमध्ये, आणि गेली काही वर्षं तो ट्रेंट ब्रिजलाच होतोय. २०२५मध्ये वूस्टरशायरने हॅम्पशायरला हरवून चषक नेला. तुमचा संघ त्याआधीच बाहेर पडला असेल तरी फॉलो करणं थांबवू नका, वनडे कपमध्ये चमकलेल्या मुलांना सप्टेंबरच्या चारदिवसीय सामन्यांत संधी मिळते का ते पाहा. २०२५पासून काउंट्यांच्या महिला संघांचाही वनडे कप सुरू झालाय. तो फक्त ऑगस्टपुरता नसतो, हंगामभर चालतो, त्यामुळे त्यात मोठी नावंही भेटतात.

आणि संघाशी खरंच नातं जुळलं असेल तर सभासदत्वाचा विचार करा. बहुतेक काउंटी क्लब आजही सभासदांच्या मालकीचे आहेत, लेस्टरशायरही. वार्षिक सभेत सभासदाला मत असतं. परदेशातून सभासद होता येतं का आणि वर्गणी किती, हे क्लबच्या कार्यालयाला ईमेल करून विचारा. वेळापत्रक हिवाळ्यात जाहीर होतं. ते आलं की ऑगस्टचे आठ सामने आपल्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, वेळ दुपारी साडेतीन.