गाडीतल्या अ‍ॅम्पचा गेन मल्टिमीटरने कसा सेट करायचा

गेनचा नॉब म्हणजे व्हॉल्यूम समजून फुल फिरवणारे लय आहेत, मी पण त्यातलाच, एक सबवूफर (सब, म्हणजे बासचा मोठा स्पीकर) असाच जाळला, कॉइलचा तो करपलेला वास अजून आठवतो. गेनचं काम एवढंच की स्टिरिओमधून जेवढे व्होल्ट येतायत त्याच्याशी अ‍ॅम्पचा इनपुट जुळवायचा.

आधी सबच्या वायरी अ‍ॅम्पवरून काढा, गेन एकदम खाली, बास बूस्ट बंद, स्टिरिओचा इक्वलायझर आणि लाउडनेस पण झीरो. मग आउटपुटला किती व्होल्ट हवेत त्याचं गणित, सोपंय: वॅट गुणिले सबचे ओहम (त्याचा रोध), त्याचं वर्गमूळ. म्हणजे ४ ओहमवर ३०० वॅट आरएमएस (म्हणजे सलग चालणारी खरी पॉवर) असेल तर १२०० चं वर्गमूळ, ३४.६ व्होल्ट. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेले मॅक्स वॅट धरू नका राव, अ‍ॅम्प आणि सब यातला ज्याचा आरएमएस कमी तोच धरायचा.

आता गाडी मोकळ्या जागेत स्टार्ट ठेवा, पेनड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा झीरो डीबी टोन (फुल लेव्हलला रेकॉर्ड केलेला एकसुरी आवाज) लावा, स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊण करा म्हणजे ४० पैकी ३०, मीटर एसी व्होल्टवर ठेवून टोकं अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटपुटला लावा आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने गेन हळूहळू वाढवत ३४ च्या आसपास थांबा. टोन बंद करून, अ‍ॅम्प ऑफ करून मगच वायरी परत जोडा. ऐकताना स्टिरिओचा व्हॉल्यूम ३० च्या वर न्यायचा नाही, आवाज फाटायला लागतो.