तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नसेल तर उपचार कसे टिकवायचे

भारतात मनोविकारतज्ज्ञ लाख लोकांमागे एकही पुरा येत नाही, आणि जे आहेत त्यांतले बहुतेक शहरांत. निम्हान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे दिसले. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण इथली विभागणीही पाहण्यासारखी आहे. जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत. त्यांतले मराठवाड्यात एकही नाही. तरी पहिली भेट कशीबशी होते. पुढे गोळ्या संपतात, पेरणी येते, फेरी चुकते आणि आजार उलटतो. म्हणून फेऱ्यांचे गणित पहिल्याच दिवशी बसवा.

पहिली फेरी

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवशी येते. तो दिवस आशाताईंना किंवा रुग्णालयातल्या नर्सना विचारा, आणि निघण्याआधी फोन करून पक्का करा. तारीख लांबची असेल तर सिव्हिलची मनोविकार ओपीडी गाठा. सिव्हिल मेडिकल कॉलेजला जोडले असेल, तर हा विभाग कॉलेजच्या इमारतीत असू शकतो. केस पेपरच्या खिडकीवरच विचारून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजना तो निर्णय लागू नाही, तिथे थोडी फी पडते.

सोबत घरातच राहणारे माणूस हवे. दूरचा शिकलेला नातेवाईक उपयोगाचा नाही, कारण डॉक्टर विचारतील ते रात्रीचे आणि जेवणाचे. एका कागदावर लिहून न्या: त्रास कधीपासून, झोप किती तास, जेवण-वजन-काम यांत काय बदल, दारू किती आणि रोज का, फिट किंवा थायरॉइड आहे का, बाळंतपण नुकतेच झाले का, घराण्यात कुणाला असा आजार होता का. आधीच्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी न्या. रुग्णाला डॉक्टरांशी पाच मिनिटे एकट्याने बोलू द्या. सुनेला सासूसमोर सांगता येत नाही असे बरेच असते.

इथे एक गोष्ट नेहमी बिघडते. मनाचा त्रास आपल्याकडे अंगाच्या भाषेत सांगितला जातो: डोके जड, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, झोप नाही. तेवढेच ऐकले तर सलाइन, ताकदीचे इंजेक्शन किंवा झोपेची गोळी मिळते. ‘कशात मन लागत नाही, रडू येते, जगावेसे वाटत नाही’ हे शब्द उच्चारावे लागतात.

गोळ्या

नैराश्यावरच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. मळमळ, अस्वस्थता, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर, आणि नेमक्या याच टप्प्यावर लोक गोळी सोडतात. बरे वाटू लागल्यावरही ती किमान सहा महिने चालू ठेवायची असते. बंद करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. एकदम थांबवली तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखे वाटते. क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांची काही आठवड्यांत सवय लागते आणि त्या अचानक तोडल्यास फिट येऊ शकते. मेडिकलवाल्याकडून परस्पर घेतलेली ही गोळी गावाकडे फार चालते, आणि तीच सर्वांत जास्त घोटाळा करते.

लिथियम (मन कधी अति उत्साहात, कधी खोल उदासीत जाते त्या बायपोलर आजारावरची गोळी) चालू असलेल्या माणसाने उन्हाळा जपून काढावा. शेतात घाम गेला, पाणी कमी पडले किंवा जुलाब झाले की रक्तातले लिथियम वाढते. अंगदुखीसाठी घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकनेही तेच होते. हात जास्त थरथरणे, उलट्या, झोकांड्या, बोबडे बोलणे ही धोक्याची खूण: पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा. मीठ एकाएकी कमी करू नका. पातळी तपासायचे रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचे असते. म्हणून रात्रीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या आणि सकाळची रक्त दिल्यावर. गर्भधारणेच्या वयातल्या बाईला याच आजारावरचे सोडियम व्हॅल्प्रोएट लिहून दिले असेल तर पर्याय विचाराच. गर्भाला त्याचा धोका असतो.

भास-संशयाच्या आजारात रोजची गोळी टिकत नसेल, तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन मिळते का, ते विचारा. ते जवळच्या ग्रामीण रुग्णालयात टोचून घेता आले तर जिल्ह्याची फेरी वाचते. लांबून येता हे सांगून औषध महिनाभराचे मागा आणि घरात निदान आठवड्याची शिल्लक ठेवा. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घेतले, की सरकारी साठा संपल्यावर जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळू शकते.

दोन फेऱ्यांच्या मध्ये १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलता येते.

आशाताईंची मदत कमी लेखू नका. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांना कामाला लावले. नैराश्य असलेल्यांत मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

देवऋषाकडे जायचा घरचा हट्ट असेल तर भांडत बसू नका. अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका, एवढी अट पुरे. साखळदंड आणि मारहाण मात्र कुठल्याच नावाखाली नको. साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

जिवाचा धोका वाटला तर

‘मरणाचे विचार येतात का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाहीत. फवारणीचे औषध त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती. रुग्णाच्या गोळ्याही सांभाळणाऱ्याकडे. माणसाला एकटे सोडू नका आणि १०८ लावा. तज्ज्ञ नाही म्हणून प्राथमिक केंद्राने परत पाठवायला नको: २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर अशा वेळी ७२ तासांपर्यंतचे तातडीचे उपचार देऊ शकतो. पोलिसांच्या भीतीने प्रयत्न लपवू नका. कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते.

एसटी आणि दाखला

आजार दीर्घ असेल तर यूडीआयडी हे अपंगत्वाचे ओळखपत्र काढता येते. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरले तर त्यावर एसटीला ७५ टक्के सवलत आहे. मानसिक आजार दिसत नाही म्हणून कंडक्टर हुज्जत घालतात. मूळ कार्ड जवळ ठेवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरात उपचार तुटतात ते ऑक्टोबरात. निघण्यापूर्वीच्या फेरीत कारखान्याचे गाव सांगा, डॉक्टरांकडून निदान आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी घ्या, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्या चिठ्ठीवर तिकडच्या सिव्हिलमध्ये नवा केस पेपर काढून पुढचे औषध मागता येते. गोळ्या मात्र झोपडीत ऊन लागेल किंवा पावसात भिजतील अशा ठेवू नका. झाकणाच्या डब्यात, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर.