फॅलेनॉप्सिसची लोळलेली पानं: मला काय लागू पडलं

पानं मऊ पडून सुरकुतली की पहिला संशय पाणी कमी पडल्याचा येतो. माझ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडचं उलटंच होतं. कुंडीतून काढलं तर मुळांच्या मधोमध मॉसचा घट्ट गोळा, नर्सरीतूनच आलेला, अजून चिंब ओला. आसपासची मुळं चिमटीत धरताच साल निसटून हातात आली, आत नुसता दोरा. पाणी भरपूर, पण ते प्यायला मुळंच नाहीत!

गोळा उकरून काढला. कुजलेली मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने छाटली. दाबून कडक लागली ती ठेवली, रंग कसाही असो. मग पाइनच्या सालीच्या जाड तुकड्यांत, भोकं असलेल्या पारदर्शक कुंडीत लावलं. रानात हे झाड फांद्यांना धरून वाढतं, मुळांना हवा हवीच.

आता वार ठरवून पाणी घालत नाही. मुळं चंदेरी दिसली की घालते, हिरवी असली की थांबते. पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी टिपून घेते. (बर्फाचे खडे घालायचा सल्लाही मिळतो, मला तो पटत नाही.)

सुरकुतलेली जुनी पानं तशीच राहिली, नवं मात्र ताठ आलं. फुलांचा दांडा रात्री १८ अंशांच्या आसपास गार व्हायला लागल्यावर निघाला.